उसाला वाजवलेला हॉर्न

सत्तरचं साल अजून उजाडायचं होतं. आमचे हे उधन्याच्या मागांवरचं कोरं कापड ट्रकमधून पलसाण्याला रंगवायला न्यायचे. माणूस साधा, खोड एकच: अफू. सकाळी चहाबरोबर मुगाएवढी काळी गोळी जिभेखाली सारायची. म्हणे, कंबर दुखत नाही, डोळा लागत नाही, आणि सगळेच ड्रायव्हर घेतात.

मी रोज तोंड सोडायची. "अहो, एखाद्या दिवशी कुणाच्या तरी अंगावर घालाल गाडी!"

"तुले काय कयस!" तुला काय कळतं, इतकंच उत्तर. एरवी शुद्ध बोलणारा माणूस चिडला की अहिराणीवर यायचा, म्हणजे विषय संपला.

पलसाण्याला माझी बहीण बाळंत झाली होती. माझं सहा महिन्यांचं पोर मांडीवर घेऊन मी ह्यांच्याच ट्रकमध्ये बसले. पलसाणं जवळ आलं, वळण आलं. रस्ता वळला, आम्ही नाही वळलो. सासरी निघालेल्या पोरीसारखा ट्रक रेंगाळत रेंगाळत सरळ उसात शिरला. ह्यांना त्याचा पत्ताच नाही! हॉर्न दाबून धरलेला आणि वर उसालाच शिव्या, "सरका ना बाजूला, बहिरे झालात का?"

"अहो, ऊस आहे तो!"

"मग काय झालं? रस्ता काय त्याच्या बापाचा आहे?"

पुढे एक म्हातारा लोटा घेऊन बसला होता. धोतर सावरत असा पळाला, की काय सांगू! लोटा चाकाखाली चेपला आणि गाडी बंद पडली. दोन हात इकडेतिकडे झाले असते तर आज हसायला तोंड उरलं नसतं.

शेतातले सगळे धावत आले. मी खाली उतरून सगळ्यांदेखत ह्यांचा उद्धार केला. "अफूबाज मेला! लाज नाही वाटत? मांडीवर लेकरू आहे आणि हा नशेत गाडी हाकतो!"

तेवढ्यात एका गुजराती मजूरबाईने माझ्या कडेवर पाहिलं. "बेन, एवढ्या हॉर्नने, गोंधळाने छोकरा उठला नाही?"

"गुणी आहे माझा," मी तोऱ्यात म्हणाले. "मी मागांवर बॉबिन भरायला जाते, हा दिवसभर झोपून असतो. शेजारच्या म्हाताऱ्या बा बाळागोळी देतात ना, ती अर्धी दुधात..."

त्या गोळीत काय असतं, हे मी बांना कधी विचारलंच नव्हतं. शेजारपाजारच्या सगळ्याच बाया देत होत्या.

ह्यांनी पोर माझ्याकडून घेतलं, त्याच्या तोंडाला नाक लावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"हा वास तर माझ्याच गोळीचा आहे," ते म्हणाले.

माय वं! बांधावर बसून मी पोराचे तळपाय चोळत राहिले, त्याला हाका मारत राहिले. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले आणि पुन्हा मिटून घेतले.

बहिणीकडे न जाता तिथून थेट सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी आधी मला झाडलं, मग ह्यांना, आणि दोघा बापलेकांना औषध दिलं. ह्यांची अफूची डबी मी गटारात फेकली, त्यामागून बाळागोळ्याही. पुढचे पंधरा दिवस घरात दोन लेकरं होती. दोघांची नाकं वाहायची, दोघं जांभया द्यायची आणि दोघं माझ्यावरच खेकसायची. मी बॉबिनचं काम सोडलं. ह्यांनाही ट्रकवर बसू दिलं नाही. बा आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मग एका दुपारी, पुन्हा कामावर जायला लागलेल्या ह्यांनी चाळीसमोर गाडी उभी केली आणि सवयीने हॉर्न दाबला. झोळीतलं पोर दचकलं आणि असं भोकाड पसरलं, की चाळ जागी झाली. शेजारीण ओरडली, "बंद करा तो भोंगा, पोर घाबरलं!"

मी दारात धावले. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

"अहो," मी म्हटलं, "अजून एकदा वाजवा."