भिंतीवरचं बटण

आमच्या खालच्या मजल्यावर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या मालकांना सगळी गल्ली फुंकरकाका म्हणते. कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी तिच्यावर फुंकर मारायची, ही त्यांची सवय. खुर्चीवर फुंकर, चष्म्यावर फुंकर, गार होऊन साय धरलेल्या चहावरही फुंकर. फक्त ओव्हनच्या कंट्रोल बोर्डावर ते चुकूनही फुंकत नाहीत. "तोंडच्या हवेत ओल असते रे. बोर्डाचं आणि ओलीचं विळ्याभोपळ्याचं सख्य," असं मला त्यांनी इतक्यांदा सांगितलंय, की परीक्षेत आलं असतं तर मी पहिला आलो असतो.

काकांना बायको नाही, मूल नाही. का, असं विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात. बाजारातून साबण आणायचा राहून जावा तसं. दुकानामागच्या खोलीत ते राहतात. जेवताना रेडिओ लावतात. निवेदकानं "नमस्कार" म्हटलं की काकाही "नमस्कार" म्हणतात. मी वरच्या खोलीत भाड्यानं राहतो, मला जिन्यात ऐकू येतं. पहिल्यांदा मला वाटलं, पाहुणे आलेत. काकांकडे पाहुणे! माझी अक्कलच तेवढी.

तर, मागच्या रस्त्याला एक शिवणवाल्या ताई राहतात. नवरा गेला, डोळे अधू झाले, तसं शिवणयंत्रावर कापड टाकून ठेवलं. लेक लांब असते. तिनं आईसाठी वाफेवर शिजवणारा ओव्हन पाठवला, म्हणजे गॅसपाशी उभं राहायला नको. थोड्याच दिवसांत ओव्हन आपोआप पिकपिक करायला लागला. हात न लावता पॅनेलवरची बटणं लागायची, काचेमागचे आकडे धूसर दिसायचे, मधेच सगळं गप्प. ताईंनी काकांना बोलावलं.

काकांनी वरचं पॅनेल उघडलं. बोर्डाच्या मागं पाण्याचे बारीक थेंब, पिनांवर हिरवट बुरा. त्यांनी जुन्या टूथब्रशनं स्पिरिट लावून पिना घासल्या, केस वाळवायच्या यंत्रानं मंद वारा दिला, जोडण्या पुन्हा बसवल्या, स्वतः ओव्हन चालवून बघितला. झकास! ताईंनी चहा केला. दोघं स्वयंपाकघरात बसली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. या खेपेला काकांनी दाराचं रबर बदललं. पुन्हा चहा. मग ओव्हन मागं कललाय म्हणून वर पाणसळ ठेवून पाय सारखे केले. चहा. मग पाण्याच्या टाकीची बैठक तपासली. चहा, आणि सोबत वाफवलेले बटाटे. प्रत्येक वेळी ओव्हन काकांसमोर शहाण्या मुलासारखा चालायचा आणि काकांची पाठ फिरली की आजारी पडायचा.

"काका, तुमचं कसब कमी पडतंय की ताईंचा चहा चांगला आहे?" मी जिन्यावरून विचारलं.

"चहात साखर जास्त असते," काका म्हणाले. आणि इस्त्री केलेला शर्ट घालून निघाले. या माणसाकडे इस्त्री आहे, हे मला तेव्हा कळलं. लोकांच्या दुरुस्त करतात, हे माहीत होतं.

त्या दिवशी काकांनी पद्धत बदलली. "आज मी हात लावत नाही, ताई. तुम्ही रोज करता तसं करा, मी बघतो."

ताईंनी गाजरं ठेवली. ती शिजली. ओव्हन वाजला, ताईंनी भांडं काढलं, दार लावलं, आणि ओव्हनमधला पंखा घरघरत असतानाच भिंतीवरचं बटण खट्‌कन बंद केलं.

काका बघतच राहिले. शिजून झाल्यावर चालतो तो पंखा आतली वाफ बाहेर काढायला असतो. तो मधेच मारला की वाफ आतच कोंडते, वर चढते आणि बोर्डावर पाणी होऊन बसते. काका स्वतः चालवून बघायचे तेव्हा भिंतीवरच्या बटणाला हातच लावत नसत. पंखा चालू ठेवून चहाला बसायचे. ओव्हन तपासला, पण ताईंना ओव्हन चालवताना एकदाही बघितलं नव्हतं.

एवढं कळूनही काकांनी नेहमीसारखंच केलं. बोर्ड वाळवला, चहा घेतला, परत आले.

"मग सांगितलं नाही?" मी म्हटलं.

"सांगितलं की संपलं ना रे."

मला हसू येणार होतं. आलं नाही.

पुढचा फोन आला तेव्हा काकांनी जाऊन पॅनेल उघडलं. बोर्डावरची तांब्याची एक रेघ काळी पडून पार झिजली होती. अजून एकदोनदा ओल बसली असती तर खेळ खलास. नंतर मला म्हणाले, "माझ्या चहापायी त्याचा जीव जायचा. कामाची लाज आहे की नाही?"

त्यांनी ती रेघ तारेनं जोडली आणि ताईंना म्हणाले, "ताई, पंखा चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करू नका. तेवढंच दुखणं आहे."

ताई बोर्डाकडे न बघता दारातून दिसणाऱ्या शिवणयंत्राकडे बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसते, आणि हा इथं घुरघुरत राहतो. वाटतं, स्वयंपाकघरात कुणीतरी आहे. उठून बघायला येते तर कुणी नसतं. रोज रोज कोण उठेल?"

काका म्हणाले, "मग बाहेर जाऊ नका. तो थांबेपर्यंत इथंच बसा. समोर दिसला की ओव्हनच दिसेल, दुसरं कुणी नाही."

"बसून काय करू?"

"चहा घ्या."

ताई हसल्या म्हणे. काकांनी हत्यारं पिशवीत भरली.

त्यानंतर फोन आला नाही. काका दुकानात बसायचे, फोन हातात घेऊन त्यावर फुंकर मारायचे, परत ठेवायचे. मी म्हटलं, "फोन बिघडलाय का, मी लावून बघू?" त्यांनी शिवी दिली, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

शेवटी एका दुपारी त्यांनीच फोन लावला. मी जिन्यात उभा होतो.

"ताई, ओव्हन कसाय?... हो का... पिकपिक नाही?... पंखा थांबेपर्यंत बसता ना?... बरं बरं. नाही, सहज. ठेवतो."

फोन ठेवून काका माझ्याकडे वळले. एखाद्याच्या मरणाची बातमी सांगावी तसं म्हणाले, "चांगला चाललाय म्हणे."

"अहो, मग अजून काहीतरी बोलायचं!"

"काय बोलू? बिघडलाच नाही तर..."

कपाटावर कुणीतरी सोडून गेलेला एक मिक्सर धूळ खात पडला होता. काकांनी तो खाली घेतला, त्यावर लांबलचक फुंकर मारली आणि झाकण उघडायला लागले.