रांग सोडायला शिकवणारे सर

आमचे पी.टी.चे सर काहीही बोलायच्या आधी उजवी टाच दोनदा जमिनीवर आपटायचे. टक, टक. मग तोंड उघडायचे. मैदानावर हुकूम द्यायचा असला तरी टक टक, आणि कँटीनमध्ये वडापाव मागायचा असला तरी टक टक. त्यांच्या काळ्या बुटांच्या टाचांना नाल ठोकलेले होते, त्यामुळे सर जिन्यात असले तरी तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग चिडीचूप व्हायचा. कँटीनवाला तर त्यांच्याकडे न बघताच वडा पावात सारून मोकळा.

असे एक सर तुमच्याही शाळेत असतील, म्हणजे गळ्यात शिट्टी, मानेला ताठा आणि पोरांची नावं पाठ. पण आमचे सर पोरांना वॉल्ट्झ नाचायला शिकवायचे, आणि हे तुमच्याकडे नसणार. पैजेवर सांगतो.

शाळा आमची पाद्री लोकांची, फक्त मुलांची, मरोळला. आम्ही निम्मे कोकणातून आलेल्या घरांतले. माझे वडील गिरणी बंद पडल्यावर मरोळच्या औद्योगिक वसाहतीत बल्बच्या कारखान्यात लागले होते. सर मरोळच्याच गावठाणातले, मूळ मुंबईचेच ईस्ट इंडियन ख्रिश्चन, लग्न न केलेले, बहिणीबरोबर राहायचे. हुकूम इंग्रजीत द्यायचे आणि बाकी सगळं मराठीत बोलायचे. बोलण्यात सारखं ‘मॅन’ लावायचे. मला एकदा म्हणाले होते, “शर्ट खोच, मॅन. तुझ्या आईने इस्त्री केलीय, तिची तरी लाज बाळग.”

तर ते नाच प्रकरण. दहावीची प्रिलिम संपली की नाताळच्या आधी आमच्या शाळेत ‘सोशल’ व्हायचा. शेजारच्या कॉन्व्हेंटच्या दहावीच्या मुली आमच्या हॉलमध्ये यायच्या, रेकॉर्ड लावायची, मुलांनी मुलींना नाचायला विचारायचं, सँडविच खायचं आणि सात वाजता घरी जायचं. कागदावर फारच झकास. पण आमच्या आधीच्या बॅचने काय केलं? संध्याकाळभर एका भिंतीला चिकटून उभे राहिले आणि सगळी सँडविचेस संपवली. मुली समोरच्या भिंतीला खुर्च्यांवर बसून राहिल्या आणि बसूनच परत गेल्या.

कॉन्व्हेंटच्या मुख्याध्यापिका सिस्टर भडकल्या. आमच्या फादरांच्या ऑफिसात येऊन त्यांनी सरांसमोरच सुनावलं, “माझ्या मुली इथे खुर्च्या उबवायला येत नाहीत. यंदा शेवटचा चान्स. एक जरी मुलगी बसून राहिली तर सोशल बंद. कायमचा.”

आणि सरांचं शाळेतलं ते शेवटचं वर्ष होतं. उन्हाळ्यात रिटायर होणार होते. हा सोशल त्यांनीच सुरू केलेला, आणि जाताना तो आपल्या डोळ्यांदेखत बंद पडणार म्हटल्यावर माणूस हादरला. दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर आम्हाला हॉलमध्ये उभं केलं. टक, टक.

“उद्यापासून रोज प्रॅक्टिस. उंचीप्रमाणे रांग करा, मॅन.”

मुली प्रॅक्टिसला मिळणं शक्यच नव्हतं. मग सरांनी त्यांच्या पद्धतीने मार्ग काढला. उंच मुलगे ते मुलगे, बुटके मुलगे त्या मुली. मी रांगेत पहिला, म्हणजे सर्वांत बुटका. माझी जोडी लागली मिलिंदशी. मिलिंद साकीनाक्याला राहायचा, वर्गात सगळ्यात उंच, आणि जे करील ते पूर्ण करणारा. गणितात उत्तर आल्यावरही खाली ‘ताळा’ लिहून तपासणारा. त्याने माझ्या कमरेवर हात ठेवला तो इतक्या गांभीर्याने की मला हसावं का रडावं कळेना.

“मुलगा डावा पाय पुढे. मुलगी उजवा पाय मागे. वन टू थ्री, वन टू थ्री,” सर शिट्टी वाजवत सांगायचे. आमची हाडं दहा वर्षं लेफ्ट-राईटवर पोसलेली. सगळा वर्ग दोनावरच अडायचा.

“सर, हा तिसरा पाय आणायचा कुठून?” मागून कोणीतरी विचारलं.

“देवाने डोकं दिलंय, मॅन, ते वापर. पाय आपोआप येईल.”

आईला मी घरी हे सांगितलं तर तिने लाटणं खाली ठेवलं. “शाळेत नाचूक शिकवतत? मगे मेल्या, दहावी कधी करतलंस?” मी मुलीचं पाऊल शिकतोय हे काही मी तिला सांगितलं नाही. ती थेट शाळेत आली असती.

पण खरा वैताग नाचाचा नव्हता, तो हॉल ओलांडायचा होता. सर हॉलच्या त्या टोकाला खुर्ची टाकून बसायचे, आम्ही या टोकाला भिंतीपाशी. टाच वाजली की एकेकाने एकट्याने चालत त्यांच्यापर्यंत जायचं, बुटांकडे बघायचं नाही, त्यांच्या डोळ्यांत बघून नाव सांगायचं, मोठेपणी काय होणार ते सांगायचं आणि मग अदबीने म्हणायचं, “मे आय हॅव धिस डान्स?”

“सर, नाचाला विचारताना मी काय होणार हे कशाला?” मी विचारलं.

“उद्या नोकरीला जाशील, मॅन, तिथे पण हेच आहे. असाच लांब हॉल, समोर असाच एक म्हातारा. नाव सांगायला घाबरलास तर तो तुला कशाला विचारील? दोन्हीची प्रॅक्टिस एकदम होते.”

काय काय ऐकलं त्या खुर्चीने! मिलिंदला कलेक्टर व्हायचं होतं. गोराईचा पास्कल मरोळला मावशीकडे राहून शिकत होता. सात पिढ्या मासेमारीतल्या, आणि त्याला अशी नोकरी हवी होती जिथे अंगाला पाणी लागत नाही. एकाला दुबईला जायचं होतं, तिथे जाऊन काय करणार ते ठरलेलं नव्हतं. माझंच काही ठरत नव्हतं. मी जाऊन नुसतं नाव सांगितलं.

“बोल, मॅन.”

“माहीत नाही, सर.”

“काहीतरी बोल. खोटं चालेल, पण मोठ्याने.”

तेवढ्यात छपरावरून विमान गेलं. मरोळ विमानतळाला लागून, तिथे दुसरं काय जाणार! मी ओरडलो, “पायलट!” सरांनी माझ्या चष्म्याकडे पाहिलं. नुसती मान हलवली. तेव्हापासून मी रोज हॉल ओलांडून पायलट होत राहिलो.

एकदा प्रॅक्टिस संपली तरी मी आणि मिलिंद खुर्च्या लावत मागे राहिलो होतो. सर पायरीवर बसून बूट पुसत होते. मिलिंदने सरळ विचारलं, “सर, सोशल बंद झाला तर तुम्हाला एवढं काय? तुम्ही तर चाललात.”

टाच वाजली नाही. सर बूट पुसतच बोलले. “दहा वर्षं मी तुम्हाला काय शिकवलं, मॅन? रांगेत उभं राहायला. पुढच्याच्या डोक्याच्या मागे डोकं, हलायचं नाही, बोलायचं नाही. सगळी सर्व्हिस माझी त्यात गेली. रांग सोडून एकट्याने पुढे जायला मी वर्षातून एकदाच शिकवतो. ते पण बंद झालं तर मी काय शिकवलं तुम्हाला? नुसतं उभं राहायला?”

आम्ही खुर्च्या लावत राहिलो. मला त्या दिवशी सरांबद्दल फार वाईट वाटलं, आणि आपण ह्या माणसाची वाट लावणार अशी खात्रीही वाटली.

सोशलच्या संध्याकाळी हॉलला क्रेप कागदाच्या पताका लावल्या होत्या. पास्कल रेकॉर्ड प्लेयरपाशी. समोरच्या भिंतीला मुली, त्याही उंचीप्रमाणे बसवलेल्या, त्यांच्या मध्ये सिस्टर. या भिंतीला आम्ही, कोणी न सांगता उंचीप्रमाणे उभे. रेकॉर्ड सुरू झाली. कोणी हलेना. सिस्टरांनी घड्याळ बघितलं. सरांच्या कपाळावर घाम आला होता. टक, टक.

मिलिंद निघाला. त्याच्यामागे, आई शप्पथ, अख्खी भिंत निघाली. आणि मिलिंद समोरच्या मुलीपुढे उभा राहून खड्या आवाजात म्हणाला, “माय नेम इज मिलिंद. आय विल बी कलेक्टर. मे आय हॅव धिस डान्स?”

ते ‘काय होणार’ फक्त प्रॅक्टिसपुरतं होतं, हे सांगायचं सर विसरले होते, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. हॉलभर नुसता गजर. “आय विल बी इंजिनियर!” “आय विल गो टू दुबई!” मुली आधी गोंधळल्या, मग ओढण्यांत आणि रुमालांत तोंडं लपवून हसल्या, आणि मग उलट सांगू लागल्या. माझ्यासमोरची छोटीशी मुलगी म्हणाली, “पायलट? चष्मा आहे तुला.” पण उठली.

आणि मग नाच सुरू झाला. मी उजवा पाय मागे घेतला. तिनेही उजवा पाय मागे घेतला. आम्ही हातांनी एकमेकांना ताणत लांब लांब गेलो. पलीकडे मिलिंदने डावा पाय पुढे टाकला, त्याच्यासमोरच्या ताडमाड मुलीनेही पुढे टाकला, आणि दोघांची कपाळं आपटल्याचा आवाज रेकॉर्डच्या वर ऐकू आला. इकडे रस्सीखेच, तिकडे टक्कर. दोन-तीन मुली रडकुंडीला येऊन खुर्चीकडे वळल्या. सिस्टर उभ्या राहिल्या. मला वाटलं, संपलं.

सर माझ्या पायांकडे बघत होते, मग मुलीच्या पायांकडे. आयुष्यभर पोरांचे पाय बघण्यात गेलेला माणूस, त्याला कळायला कितीसा वेळ लागणार? कॉन्व्हेंटमध्येही मुलगे कुठून आणणार! तिथेही उंच मुलींना मुलगा केलं होतं आणि बुटक्यांना मुलगी.

टक, टक. “म्युझिक बंद!” सर माईकवर ओरडले. “पुढे पाऊल टाकणाऱ्यांनी हात वर! मुलं, मुली, सगळ्यांनी, मॅन! आता उंच मुली बुटक्या मुलांकडे. छोट्या मुली उंच मुलांकडे. चला!”

मिलिंदच्या कपाळावर टेंगूळ आणणारी ती मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी तिच्या खांद्याला लागत होतो. मी सुरू केलं, “माय नेम इज...”

“ऐकलं मघाशी. मी डॉक्टर होणार. चल.” तिने माझ्या कमरेवर हात ठेवला आणि डावा पाय पुढे टाकला. माझा उजवा आपोआप मागे गेला. वन टू थ्री. अहो, काय सांगू, सगळा हॉल फिरायला लागला! तिने मला त्या टोकापर्यंत नेलं आणि परत आणलं, एकदाही पाय न तुडवता.

सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. सर त्या रिकाम्या ओळीकडे बघत उभे होते. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून जोरात नाक शिंकरलं. माईक चालूच होता, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं. सिस्टर हसून हसून खाली बसल्या. त्या म्हणाल्या, “पुढच्या वर्षी वेळेवर सुरू करा.” आम्ही टाळ्या पिटल्या.

सर उन्हाळ्यात रिटायर झाले. नाताळला आम्ही त्यांच्या गावठाणातल्या घरी जायचो, बहीण गोड तळलेल्या कुळकुळ्यांचा डबा पुढे करायची. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला विमा कंपनीच्या लांबलचक ऑफिसात शिरलो, तेव्हा मी दारातच टाच दोनदा आपटली. शिपायाने विचारलं, “पायाला मुंग्या आल्या का साहेब?”

मग बऱ्याच वर्षांनी मिलिंदचा फोन आला. सर गेले.

चर्चमध्ये शवपेटी पुढे, वेदीपाशी ठेवली होती. बहिणीने त्यांना तेच काळे बूट चकचकीत करून घातले होते. मागच्या भिंतीला आम्ही सगळे जुने विद्यार्थी, टकलं पडलेले, पोटं सुटलेले. एकदम माझ्या लक्षात आलं, आम्ही उंचीप्रमाणे उभे होतो. पहिला मी, शेवटचा मिलिंद. शेवटचं दर्शन घ्या, असं फादर म्हणाले तरी कोणाचा पाय उचलेना. मधली वाट फार लांब वाटत होती.

रांगेच्या त्या टोकाला मिलिंदने टाच दोनदा आपटली. रबरी सोलचा बूट, आवाज तो कसला येणार. पण आम्ही निघालो, एकेकटे. सवयीने माझं पहिलं पाऊल मागेच पडलं, मग पुढे गेलो. खाली बघितलं नाही. पेटीपाशी उभं राहून नाव सांगितलं. म्हटलं, “सर, पायलट नाही झालो. विमा कंपनीत आहे. बरं चाललंय.” मोठ्याने म्हटलं.

नाचाला विचारायचं ते पुढचं वाक्य माझ्याच्याने झालं नाही. मी बाजूला झालो. सगळ्यांत शेवटी मिलिंद आला. कलेक्टर नाही, तहसीलदार झाला होता तो, तेच त्याने सांगितलं. आणि मग अदबीने वाकून, त्या शांत चर्चमध्ये, पुढचंही पूर्ण म्हटलं.