पश्चिमेच्या काचा

काचवाले मामा दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत एका बाईला भेटतात, ही कुजबुज आमच्या हॉस्पिटलात चांगलीच रंगली होती. कॅन्टीनवाला तर शपथेवर सांगे. रंगकामासाठी रिकामी ठेवलेली खोली, मामा आत गेले की दार बंद, आणि बाहेर येताना डोळे लाल. असलं काही कानावर आल्यावर फिका चहाही गोड लागतो हो.

मामा खिडक्या बसवणारे. इमारत उभी राहिली तेव्हा पश्चिमेच्या सगळ्या काचा त्यांच्याच हातच्या. नकाशात प्रत्येक खिडकीवर बाहेरून सावलीसाठी पट्ट्या होत्या. मामांनी इंजिनिअरसाहेबांना गळ घातली, "एवढी देखणी काच आणि तिच्या डोक्यावर पदर कशाला, साहेब?" पट्ट्या रद्द झाल्या. मग मामांनी बायकोला रस्त्यापलीकडे उभं करून आपलं काम दाखवलं. ती बघत राहिली. म्हणाली, "छान आहे. पुसणार कोण?"

पुढे तीच त्या कोपऱ्यातल्या खोलीत येऊन पडली. आता बरं होणं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. निदान दुपारी तिचा डोळा लागावा, एवढंच मामांना हवं होतं. तेच होईना. ऊन थेट खाटेवर यायचं. आतला पडदा ओढला तरी उकाडा काचेतून आत शिरलेलाच. मग एसी पूर्ण जोरात, आणि झोत नेमका तिच्या पायांवर.

"अहो, मला वरून भाजताय नि खालून गोठवताय," ती म्हणे. "एकदा काय ते ठरवा."

मामांना हसू आलं नाही. ते साहेबांकडे गेले.

"बाहेरून पडदा लावू द्या. त्या एका खिडकीला."

"मामा, तेव्हा तुम्हीच नको म्हणालात."

"हो. मीच म्हणालो."

साहेबांनी लगेच परवानगी दिली.

मामांनी जाड कापडाचा पडदा काचेबाहेर बसवला, दोरी चौकटीतून आत घेतली. ऊन काचेला भिडायच्या आत तो खाली सोडायचा. एसी निम्म्यावर आला, पायांवरचा झोत थांबला आणि ती झोपली. संध्याकाळी जागी होऊन तिनं विचारलं, "आज ढग होते का हो?"

"होते," मामा म्हणाले.

अशा थोड्याच दुपारी तिला मिळाल्या. मग ती गेली.

त्या खोलीतला एसी किती कमी चालला, ते साहेबांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी अख्ख्या मजल्याला तसेच पडदे लावायचं काम मामांनाच दिलं. मामा एकेक खिडकी घेत लावत गेले. जेवणाची सुट्टी झाली की मात्र त्या खोलीकडे वळायचे, आणि कॅन्टीनमध्ये आमची डोकी एकत्र यायची. शेवटी सिस्टरबाईंना राहवेना. त्या दार ढकलून आत गेल्या.

खोलीत बाई नव्हती. मामा ऊन यायच्या आधी पडदा खाली सोडत आणि रिकाम्या खाटेशेजारी बसून राहत.