खुंटीचा उतार

आमच्या धाकटीला घरात सगळे खुंटी म्हणतात. लहानपणी बाजारात ती एकदा फतकल मारून बसली की दोघांनी ओढूनही हलायची नाही, तेव्हापासूनचं हे नाव. आता तिशीला टेकली आहे, तळ्याकाठच्या आमच्या शेडमध्ये बोटी दुरुस्त करते, आणि अजूनही हलत नाही.

काम मूळचं तिच्या वडिलांचं. गळकी बोट किनाऱ्याला लागली की हे आणि दोन गडी दोर लावून ती चिखलातून वर ओढायचे. गेल्या वर्षी ओढतानाच यांचा पाय सरकला आणि कमरेचं हाड मोडलं. तेव्हापासून हे खिडकीशी खुर्ची टाकून तळ्याकडे बघत बसतात. काठापर्यंत जायचं नावही काढत नाहीत, आणि मीही जाऊ देत नाही.

जागा यांची आणि भाऊजींची, सामाईक. भाऊजी चहाला आले आणि कप खाली ठेवायच्या आत म्हणाले, "वहिनी, पुरे झालं. शेड बंद करा. हॉटेलवाले जागा भाड्यानं मागताहेत. आयुष्यभर बसून खाल."

"बसून कोण खाणार?" दारातून खुंटीचा आवाज आला. हात कोपरापर्यंत रंगानं माखलेले. "काका, त्रास चिखलाचा आहे ना? मग चिखलच ठेवत नाही. पाण्यात उतरणारा काँक्रीटचा उतार बांधते. ट्रॉली खाली सोडायची, बोट तिच्यावर घ्यायची आणि विंचच्या रहाटावर साखळी गुंडाळत वर ओढायची. दोर नको, गडी नको."

"आणि नाही जमलं तर?"

"तर हॉटेलवाल्यांना शेडची किल्ली मी स्वतः नेऊन देईन."

"तळ्याचं पाणी चढायच्या आत," भाऊजी म्हणाले. तिनं मान डोलावली.

आखणी अंगणातच झाली. उतार फार उभा झाला तर विंच दमते, फार सपाट झाला तर ट्रॉली पार आत नेली तरी बोट तरंगत नाही. म्हणून खुंटी एका फळीखाली विटा रचून गॅसच्या सिलिंडरची ट्रॉली वर-खाली करून बघायची, आणि हे खिडकीतून ओरडायचे, "अजून एक वीट काढ! बोट चढवायचीय, डोंगर नाही!" वर्षभरात यांचा आवाज एवढा चढलेला मी ऐकला नव्हता.

मी मात्र दिवसभर विचारत होते. पाणी अडवायचा बांध फुटला तर? काँक्रीट वाहून गेलं तर? कोणी घसरलं तर?

"आई, खुंटा हलवून बळकट करतेयस का?" ती म्हणायची.

पाणी अगदी खाली गेल्यावर मातीच्या पोत्यांचा बांध घातला, पंपानं आतलं पाणी उपसलं आणि खडीवर लोखंडी जाळी अंथरली. मिस्त्री आमच्या भागातले नावाजलेले. त्यांनी केलेल्या जमिनीत बघून भांग पाडावा, असं लोक म्हणतात. खुंटीनं त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वरचा थर खडबडीत हवा. त्यांनी हो म्हटलं होतं. पण हाताची सवय कुठं ऐकते? काँक्रीट ओतून झालं, खुंटी पंपाकडे गेली आणि परत येईपर्यंत मिस्त्रींनी थापी फिरवून सगळा उतार लखलखीत करून टाकला होता.

"मिस्त्री, हे काय?"

"आरसा आहे आरसा!"

"खडबडीत सांगितलं होतं."

"पोरी, खडबडीत काम शिकाऊ करतात. माझं नाव आहे बाजारात."

खुंटी कुंपणाला टेकवलेलं दाताळं घेऊन आली, दोन्ही कडांवर आडव्या टाकलेल्या फळीवर उभी राहिली आणि त्या आरशावर तिनं अख्खी आडवी रेघ ओढली.

"अगं ए! तीस वर्षांत माझ्या कामाला कोणी नख लावलं नाही!"

"मी दात लावतेय," ती म्हणाली आणि दुसरी रेघ ओढली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अगं, वडीलधारी माणसं आहेत. माफी माग आधी."

ती थांबलीसुद्धा नाही. "आई, यावर पाणी आणि शेवाळ चढलं ना, की या आरशात बाबा दिसतील. आडवे पडलेले."

मी चपला काढल्या आणि फळीचं दुसरं टोक धरून तिच्याबरोबर खाली सरकवत गेले. वरचा थर आळायच्या आत तळापर्यंत पोचायचं होतं. मिस्त्रींनी थापी धुतली, पिशवीत टाकली आणि जाताना म्हणाले, "कोणी विचारलं तर माझं नाव सांगू नका."

काँक्रीट मुरलं, बांध काढला, खालचं टोक पाण्याखाली गेलं. हळूहळू त्यावर हिरवी साय धरली. मग पहिली बोट आली, कोळ्याची, लाकडी, चांगली जड. भाऊजी चकचकीत बूट घालून हजर होते. मिस्त्रीही आले होते, पण लांब, हाताची घडी घालून. विंच कुरकुरली, साखळी ताणली गेली आणि ट्रॉलीवरची बोट पाणी गाळत सरळ शेडच्या दारात आली. खुंटीनं एकटीनं आणली.

"एक बोट आली म्हणजे झालं का?" भाऊजी म्हणाले. "शेवाळावर माणूस उभा राहील तेव्हा बोला."

मागून काठीचा आवाज आला. हे घराबाहेर आले होते. आमच्या मधून निघाले ते थेट उतारावरून खाली.

"अहो!" मी धावणार, तेवढ्यात खुंटीनं माझा दंड धरला. "जाऊ दे."

हे हिरव्या सायीवर पोचले, पाणी चपलांना लागेपर्यंत गेले. काठी आपटली. मग पाय आपटला. मग मान वर केली. "रेघा वाकड्या आल्यात."

"घाईत मारल्या, बाबा. पुढच्या वेळी मिस्त्रींकडून सरळ मारून घेऊ."

"मी मारत नाही असल्या रेघा!" लांबून आवाज आला.

यांनी भावाकडे पाहिलं. "किल्ली हवीय ना तुला? ये, इथं खाली येऊन माग."

भाऊजींनी बुटांकडे पाहिलं. दोन पावलं टाकली आणि थांबले. घसरले नाहीत. पण पुढंही आले नाहीत.

खुंटी तोवर बोटीखाली शिरून तळ ठोकून बघत होती.