मी बसतो म्हणावं

कर्जतला आमची ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. चर्च म्हणावं असं देऊळ नव्हतंच. एका शिक्षकाच्या पडवीत सतरंजी अंथरून रविवारची उपासना व्हायची आणि पाळकसाहेब महिन्यातून एकदा पुण्याहून यायचे. पण उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी, गुरुवारी, पाळक येवोत न येवोत, पाय धुण्याचा विधी चुकायचा नाही. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून आपण एकमेकांचे धुवायचे. आमच्याकडे मात्र सगळ्या मंडळीचे पाय एकटे बाबाच धुवायचे.

बाबा रेल्वेत होते. घाट चढायला गाडीमागे जादा इंजिन जोडतात, ते त्यांचं काम. राकट हातांचा हा माणूस कमरेला टॉवेल गुंडाळून घमेल्यापुढे बसला की लोकांचे डोळे भरून यायचे. ‘काय ही नम्रता!’ बायका म्हणायच्या. आई ऐकायची आणि तोंडाला पदर लावून हसू दाबायची. घरी या माणसाने कुणाला कधी पाण्याचा तांब्या मागितला नव्हता. ताप भरला तरी स्वतःचं अंथरूण स्वतः घालणार. शेजारणीने वाटीभर कालवण दिलं, तर त्याच दिवशी ती वाटी भरून परत गेली पाहिजे. पाय धुऊन संपले की कुणीतरी म्हणायचं, “आता तुमी बसा.”

“मी घरनं धुऊन आलोय,” बाबा म्हणायचे. सगळे हसायचे आणि विषय संपायचा.

पहिले पाय दर वर्षी काकाचे. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. तो प्यायचा. बाबांनी त्याला कितीदा रस्त्यावरून उचलून आणलं, नोकरीला लावलं, आणि वावगा शब्द कधी बोलले नाहीत. पण ते गुरुवारचं पाय धुणं मला बघवत नसे. सगळ्यांसमोर काका मान खाली घालून बसायचा. त्याचे पाय धुतायत की त्याच्या तोंडाला काळं फासतायत, असा त्याचा चेहरा व्हायचा.

मग एका वर्षी काकाने दारू सोडली. खरंच सोडली. त्या गुरुवारी बाबा उठायच्या आत त्यानेच टॉवेल बांधला आणि बाबांपुढे गुडघे टेकले.

“दादा, आज तू बस.”

“ऊठ रं, काय चालवलंयस?”

“का? माझे हात चालत नाय का तुला?”

बाबा हसले. त्यांनी काकाच्या हातातलं घमेलं काढून घेतलं आणि त्याचेच पाय धुवायला घेतले. काका उठला, ओल्या पायांत चपला घातल्या आणि निघाला तो गेलाच. कुंभिवलीला हायवेवर त्याने पंक्चरचं दुकान टाकलं. दारू त्याने पुन्हा धरली नाही, पण आमची वाटही धरली नाही. लोक म्हणाले, भावाने एवढं केलं, त्याचं हे पांग फेडणं. मला मात्र बाबांचा राग आला होता. प्रभू पाय धुवायला आला, तेव्हा त्याचा मोठा शिष्यदेखील आधी नकोच म्हणाला होता, पण शेवटी बसला. आमचे बाबा त्याच्याही वरचढ!

पुढे आई गेली. बाबा निवृत्त झाले आणि अर्धांगाने त्यांची एक बाजू गेली. सगळं मीच करायचे. अंग पुसायला घेतलं की ते भिंतीकडे तोंड करायचे. एका सकाळी त्यांचे पाय धूत होते, तर बाबा रडत होते. जड जिभेने म्हणाले, “धुणं सोपं असतं गं. बसून राहणं लय जड हाय.” थोड्या वेळाने म्हणाले, “त्याला बोलाव. मी बसतो म्हणावं.”

ओळखीच्या टेंपोवाल्याकडे मी निरोप दिला. उत्तम शुक्रवारच्या आधीचा झावळ्यांचा रविवार नुकताच झाला होता. उलट निरोप आला, ‘गुरुवारी येतो.’

माझं डोकंच फिरलं. बुधवारचे पाय काय वेगळे असतात? पण बाबांचा चेहरा उजळला. “बरोबर हाय त्याचं,” ते म्हणाले, “गुरुवारीच.” त्यांनी माझ्याकडून नखं कापून घेतली, घमेलं राखेने घासायला लावलं. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

बुधवारी दुपारी पेज घेऊन गेले, तर बाबा गेलेले होते.

गुरुवारी सकाळी काका टेंपोतून उतरला. अंगात पांढरा सदरा, हातात कागदात गुंडाळलेला नवा टॉवेल. दारातली माणसं बघून तो जागीच थांबला. बाबांना शेवटची अंघोळ घालायची होती, काकासाठीच आम्ही थांबलो होतो. मी घमेलं त्याच्यापुढे ठेवलं आणि मला रडू आवरेना.

काकाने बाबांचे पाय धुतले. मागे मंडळीतलं कुणीतरी म्हणालं, “असा नम्र माणूस पुन्हा होणे नाही.” काकाने वर पाहिलं नाही. बोटांच्या बेचक्यांतून त्याने टॉवेल फिरवला, हळूहळू, पाय पार कोरडे झाले तरी.

“खरंच म्हणला होता का गं? बसतो म्हणून?”

“हो काका.”

“आन मी त्याला गुरुवार सांगितला,” काका म्हणाला.