पेंटरकाकांची वाकडी कार्टुनं

पेंटरकाकांनी बावीस महिन्यांत शेकडो कार्टुनं लावली असतील, पण त्यांतलं एकही त्यांनी स्वतः धड बघितलं नाही. एका हातात मोबाइल, काकींच्या तोंडासमोर धरलेला. दुसऱ्या हातात मऊ भाताचा चमचा. आणि नजर सारखी काकींच्या ओठांवर. मोबाइलमध्ये पुढे काय झालं ते त्यांना ठाऊकच नसायचं. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन विचारायचे, "काल तो माणूस सोताच्याच खिशात शिरला होता ना, तो मंग बाहेर आला का नाय?" आला, असं मी सांगितलं की त्यांना खरंच बरं वाटायचं.

माझं दुकान किन्हवलीच्या एसटी स्टँडसमोर. झेरॉक्स काढायची, ऑनलाइन फॉर्म भरायचे. पाटी अर्थातच काकांनी रंगवलेली. शहापूरपासून मुरबाडपर्यंत किती शाळा, किती किराणा दुकानं, किती दवाखाने त्यांच्या अक्षरांनी ओळखले जायचे. दोरी खडूत बुडवून भिंतीवर झटकायची, रेघ उमटवायची आणि त्या रेघेवर अक्षरं बसवायची. एकही अक्षर रेघेखाली उतरायचं नाही. पुढे फ्लेक्स आले आणि काकांचे ब्रश माळ्यावर गेले. त्याबद्दल ते कुणाला दोष देत नसत. "छापील अक्षर उन्हात उडतं," एवढंच म्हणायचे.

मग काकींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. शब्द एकच उरला, "उद्या". पाणी हवं का? उद्या. कूस बदलू का? उद्या. काका म्हणायचे, "समदं उद्यावर ढकलते. जन्मभर मी तेच केलं, आता ती करते."

हे सोसण्यासारखं होतं. सोसण्यासारखं नव्हतं ते हे, की काकी तोंड उघडेनात. शहापूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की गिळणं अशक्त झालंय, उठवून बसवून लहान चमच्याने भरवा, आणि घास तोंडात असताना बोलायला लावू नका, हसवू नका, श्वासनलिकेत जाईल. पण घास तोंडात जायलाच तयार नव्हता. काका चमचा घेऊन तासभर बसायचे. भात थंड व्हायचा, गरम करायचे, पुन्हा थंड व्हायचा. काकी भिंतीकडे बघत असायच्या. मुरबाडला दिलेली त्यांची मुलगी सुलभा आठवड्याला यायची, आईला बघून मोरीत जाऊन रडायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची.

अपंगत्वाच्या दाखल्याचा फॉर्म भरायला मी त्यांच्या घरी गेले होते, तेव्हा काका असेच चमचा घेऊन बसलेले. ओटीपी येत नव्हता म्हणून काकांचा मोबाइल काकींच्या समोर टेकवून ठेवला, आणि त्यावर आपोआप कुठलंसं परदेशी कार्टून सुरू झालं. रेनकोट घातलेला एक मासा सायकलवरून चाललाय आणि त्याच्यामागे रस्ता चटईसारखा गुंडाळला जातोय. शेवटी मासा उतरतो, रस्ता काखेत मारतो आणि चालू लागतो. काकींचं तोंड नवलाने उघडलं. काकांनी क्षणात चमचा पुढे केला. काकींनी गिळलं. काकांनी चमचा पुन्हा भरला आणि म्हणाले, "आणखी एक लाव."

त्या दिवसापासून हाच उद्योग झाला. काकांनी कार्टुनांच्या दोन जाती केल्या, सरळ आणि वाकडी. पाठलाग, मारामारी, शेवटी शहाणपणाचा धडा, ही सरळ. त्यांना काकी डोळे मिटून घ्यायच्या. गमतीची, हसवणारी काका स्वतःच नको म्हणायचे. "ठसका लागंल. हसू नको यायला, नुसता अचंबा हवा." म्हणून लागायची ती वाकडी, नुसती अचाट. घराला पाय फुटतात आणि ते पाणी भरायला जातं. बाई केस विंचरते आणि केसांतून बोटी निघतात. एक बरं होतं, घास तोंडात गेला की काका अंगठ्याने चित्र थांबवायचे. काकींचा गळा वर जाऊन खाली आला, की पुन्हा सुरू. तीन मिनिटांचं कार्टून अर्धा तास चालायचं.

पण अचंबा एकदाच वाटतो. बघितलेलं पुन्हा लावलं की ओठ मिटलेले. त्यामुळे काका रोज सकाळी दुकानाच्या पायरीशी उभे. "वाकडं काय आलंय का गो नवीन?" मी शोधायची. कुठल्या कुठल्या देशांतली, भाषा न कळणारी, काही इतकी उदास की माझंच मन बिघडायचं. खोटं कशाला बोलू, पुढे पुढे मला त्याचा कंटाळा येऊ लागला. समोर फॉर्मवाल्यांची रांग असायची. काका दिसले की मी कधी कधी की-बोर्डवर मान घालून बसायची. ते हाक मारत नसत. नुसते उभे राहायचे.

एक दिवस आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच गेले, तर काकींच्या खाटेसमोरची भिंत पांढरी केलेली, ब्रश माळ्यावरून खाली आलेले, आणि रंगाच्या पालथ्या डब्यावर मोबाइल उभा. काका भिंतीवर थोडं रंगवायचे, फोटो काढायचे, थोडं पुसून पुन्हा रंगवायचे, पुन्हा फोटो. "हे समदे जोडून हालतं करता येतंय का?" त्यांनी विचारलं. मी जोडून दिले. चुलीवर भात शिजतोय आणि वाफ निघतेय, एवढंच होतं. काकींनी डोळे मिटले.

"सरळ झालं," काका म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चाळीस वर्सं अक्षर हाललं तर मालक ओरडायचा. आता हाललं नाय तर ही उपाशी राह्यते."

पुढचं जमलं. एका पाटीवरचा ळ तहानेने खाली उतरतो, विहिरीवर जातो, पाणी पिऊन इतका फुगतो की परत पाटीत मावत नाही. मग बाकीची अक्षरं त्यालाच घर समजून आत राहायला जातात. चार दिवस खपून बारा सेकंदांचं चित्र झालं होतं. त्यात काकींनी दोन घास घेतले. चार दिवसांत दोन घास. बाकीचे मी शोधून दिलेल्या उसन्या अचंब्यावर.

शेजारचे म्हणायचे, पेंटर कामातून गेला. सुलभाने डॉक्टरांना विचारून घेतलं होतं, नाकातून नळी घालता येते म्हणून. "बाबा, तुमी किती दिवस असं करणार?" असं ती माझ्यासमोरच म्हणाली. काका ब्रश धूत होते. "तोंड उघडतं तवर तोंडानंच जेवू दे तिला," ते म्हणाले. त्यांचे डोळे तांबारलेले होते. पाठ भिंतीशी वाकून वाकून तशीच राहिली होती. सुलभाचंही चुकत नव्हतं.

त्यांचं शेवटचं कार्टून सगळ्यांत लांब, अठ्ठावीस सेकंदांचं. मी जोडून दुपारी घेऊन गेले. पेंटर शिडीवर चढण्याऐवजी शिडीच पेंटरवर चढते. त्याच्या टकलावर बसून ब्रश बुडवते आणि त्याच्या कपाळावर सावकाश लिहिते, "येथे थुंकू नये." एक कोंबडी येते, चष्मा लावून ते वाचते, आणि लांब जाऊन, पदर सावरून, अदबीने थुंकते. ही पाटी काकांनी आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा रंगवली होती. पण चष्मा आणि पदर सावरायची ती ढब हुबेहूब काकींची होती.

काकींचं तोंड उघडलं, काकांनी घास दिला. त्यांनी चित्र थांबवायच्या आत कोंबडी थुंकली. काकींच्या चेहऱ्याची डावी बाजू वर गेली आणि घशातून एक आवाज आला. मग ठसका. मग श्वास अडकला.

शेजाऱ्यांच्या जीपने शहापूरला नेलं. छातीत अन्न उतरलं होतं. तिथे नळी घातली. घरी आणल्यावर काकी डाव्या हाताने ती ओढायच्या, म्हणून सुलभाने हात मऊ फडक्याने खाटेला बांधला. ती स्वयंपाकघरात गेली की काका गाठ सैल करायचे आणि तो हात आपल्या हातात धरून बसायचे. तीन आठवडे. मग एका सकाळी चहाच्या वेळेला काकी गेल्या.

दहावं-तेरावं झाल्यावर सुलभा त्यांना मुरबाडला न्यायला आली. एसटी स्टँडवर ती चौकशी खिडकीपाशी गेली, तेवढ्यात काका रस्ता ओलांडून दुकानात आले. डॉक्टर म्हणालेत, हे कधी ना कधी होणारच होतं, असं त्यांनी न विचारताच मी सांगितलं. ते त्यांनी ऐकलंच नाही.

"तू होतीस तिथं," ते म्हणाले. "मी घासाकडं बघत होतो. खरं सांग. तिला आधी ठसका लागला, का ती आधी हसली?"

ठसका आधी, असं मी म्हणाले असते तर त्यांचं चित्र दोषातून सुटलं असतं. तेवढं खोटं मला बोलता आलं असतं. पण वर्ष-दीड वर्ष मी त्या माणसाला पायरीशी ताटकळत ठेवलं होतं, आता आणखी काही चुकवायचं बळ माझ्यात नव्हतं.

"आधी हसल्या, काका. चांगल्या हसल्या."

त्यांनी झेरॉक्सच्या मशीनवर हात टेकला. "इतक्या दिसांत एकदाच," ते म्हणाले. विचारत होते की सांगत होते, कळलं नाही.

पलीकडून सुलभाने हाक मारली. काकांनी पिशवी उचलली. "जातो गो," ते म्हणाले. निघताना येतो म्हणायचं असतं काका, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी त्यांना जाऊ दिलं.