मधली अवस्था

बोदलकसाजवळच्या खेड्यातल्या रविता रहांगडालेला २००४ साली इंदूरच्या क्ष-किरण प्रयोगशाळेत संशोधनाची जागा मिळाली. वडील उदेभान गावभर सांगत फिरले, "आपले लोक पिढ्यांआधी माळव्यातून इकडे आले, पोरगी माळव्यात वापस चालली."

निकेलच्या पातळ पापुद्र्यावर ऑक्सिजन सोडला की सगळ्यात वरचा थर कसा बदलतो, हे मृदू, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांनी पाहणं हे तिचं काम. किरणांची ऊर्जा एकेक पायरीनं वाढवत आलेख काढावा लागे. तो पुरा होईस्तोवर थर बदलून गेलेला असे. मध्ये कुठलीतरी अवस्था येऊन जाते याची रविताला खात्री होती, पण दाखवता येत नव्हती. सहकारी दुर्गेशबरोबर तिनं नवी मांडणी आखली: निरनिराळ्या ऊर्जांचे किरण नमुन्यावर पंख्यासारखे पसरायचे आणि सगळा आलेख एकदम टिपायचा.

मांडणी अर्धवट असतानाच उदेभानना लकवा मारला. रविता थोड्या दिवसांसाठी म्हणून घरी आली ती राहिलीच. तिरोड्याला ज्युनिअर कॉलेजात शिकवू लागली. वडिलांना उठवणं, न्हाऊ घालणं तिच्याकडे. आई धनवंताच्या कमरेला ते वजन पेलत नव्हतं. वर्गात क्ष-किरणांचा धडा ती भराभर उरकून टाकी.

२०११ मध्ये दुर्गेशचा फोन आला. "चल गई, रविता! पूरा ग्राफ एकसाथ. तुझा नमुना तूच लाव. ये."

"आई, मी इंदूरले जाऊन राहिली."

"मंग बाबाले कोण उचलल?"

"जा," उदेभान वाकड्या तोंडानं म्हणाले. पण धड हातानं त्यांनी तिचं मनगट धरून ठेवलं होतं. ते तिला सोडवून घ्यावं लागलं.

मामेभाऊ धनेंद्रला घरी ठेवून ती आठवड्यासाठी गेली. ऑक्सिजन सोडल्याबरोबर पडद्यावर एकामागून एक आलेख येऊ लागले. दोन शिखरांमध्ये एक बारीक उंचवटा वर आला आणि मावळला. हीच ती मधली अवस्था; रविता बघतच राहिली.

"आता थांब इथंच," दुर्गेश म्हणाला. "जागा आहे."

"धनेंद्रची धानाची रोवणी आहे, तो घरी थांबू शकत नाही," ती म्हणाली.

ती परतली तेव्हा उदेभाननी विचारलं, "कायले आलीस?" तिनं त्यांच्या काखेत हात घातले आणि त्यांना बसवलं.

शोधनिबंधावर तिचं नाव पहिलं आलं. उदेभान २०१६ मध्ये गेले. तोवर संशोधनाच्या जागांसाठीची तिची वयोमर्यादा उलटून गेली होती.

"आता जाय ना," धनवंता म्हणाली.

"कुठी?" रवितानं विचारलं. धनवंता लाखोळीची डाळ निवडत राहिली.